मे महिन्यात भरणारं गाव

महाबळेश्वरला जाणाऱ्या बहुतेकांना घाट ठाऊक असतो तो चढण्याचा. पुण्याकडून येणारा वाईहून पसरणीचा घाट चढतो, मुंबईकडून येणारा पोलादपूरहून आंबेनळीचा. वर पोचला की त्याचा प्रवास संपतो. आमच्या घरच्यांचा तिथे अर्धाच होतो. मे महिन्याच्या सुट्टीत वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग लागलेली असते, कणसांचा आणि घोड्यांच्या लिदीचा वास एकत्र येत असतो. त्या गर्दीतून वाट काढत आम्ही बाजारपेठ ओलांडतो आणि तापोळ्याच्या रस्त्याने पलीकडे उतरायला लागतो. महाबळेश्वरचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण 1,350 मीटर उंच. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की त्याची पातळी 659 मीटर. पंचवीस-तीस किलोमीटरच्या वळणांमध्ये जवळजवळ निम्मी उंची उतरून जाते. वर अंगावर घेतलेली शाल खाली पोचेपर्यंत पिशवीत गेलेली असते.

हे जावळीचं खोरं. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतलं ते हेच. पुढे 1659 च्या नोव्हेंबरात अफझलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी आला तो याच रानाच्या भरवशावर महाराजांनी त्याला इथे ओढला म्हणून. रान आजही दाट आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, गेळा, आणि त्यांच्या सावलीत कारवीची बेटं. मे महिन्यात रस्त्याच्या कडेला करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात. आमची गाडी या रस्त्यावर कधीच वेळेत उतरत नाही, कारण प्रत्येक जाळीपाशी कुणीतरी "थांबा" म्हणतं.

तापोळ्याला पोचल्यावर पर्यटकांना दिसतं ते पसरलेलं निळं पाणी, स्पीडबोटी आणि 'मिनी काश्मीर'च्या पाट्या. इथे सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला मिळतात, म्हणून बोटवाले त्रिवेणी संगमाची फेरी मारून आणतात. आमचं गाव पाण्यापलीकडे, कांदाटीच्या अंगाला. गाड्या पलीकडे न्यायला तराफा असतो, माणसांना लाँच. तापोळ्याहून अहिरच्या बाजूला पुलाचं मोठं काम निघालं आहे, त्यामुळे पलीकडच्या गावांची पाण्यावरची भिस्त पुढे कमी होईल. पण आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका अजून लाँचलाच गावाची वाट मानतात.

मेमधला शिवसागर फोटोतल्यासारखा नसतो. पावसाळा सरताना लाँच जिथे लागते, तिथून मे महिन्यात पाणी कितीतरी खाली गेलेलं असतं. काठावर तडे गेलेल्या चिखलाच्या पायऱ्या, सुकलेल्या झाडांचे बुंधे, मधूनच जुन्या घराचं जोतं. लाँच कुठल्या ठिकाणी लागणार ते पाण्याप्रमाणे बदलतं, आणि उतरल्यावर गावापर्यंतची चढण दर आठवड्याला थोडी लांबते. डोक्यावर बॅगा घेऊन आम्ही चढत असतो, तेव्हा थोरले काका वरून हाक मारतात, "आलासा का? हळू या, घाई न्हाई." आणि मग एका जोत्याकडे बोट दाखवून नव्याने आलेल्या सुनेला सांगतात, "ते आपलं घर. आत्ता तू चालतीयास ते आपलं भाताचं खाचर."

या एका वाक्यात आमच्या घराण्याचा सगळा इतिहास येतो. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, पण कृष्णेसारखी लगेच पूर्वेला वळत नाही. सह्याद्रीच्या दोन रांगांमधून ती सरळ दक्षिणेला वाहत जाते आणि हेळवाकपाशी वळण घेऊन कराडला कृष्णेला मिळते. दोन डोंगररांगांमधला हा लांबट, खोल खळगा धरणासाठी जणू तयारच होता. कोयनानगरला 103 मीटर उंचीची भिंत उभी राहिली, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं आणि 1964 पर्यंत धरण पुरं झालं. साधारण 105 टीएमसी पाणी साठवणारा जलाशय मागे पन्नासेक किलोमीटर पसरला. त्या पाण्याचा मोठा भाग पूर्वेला जात नाही. बोगद्यांतून तो पश्चिमेला पोफळीकडे नेतात, तिथे भूगर्भातल्या वीजगृहात वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला 67.5 टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. त्याचा हिशेब 1 जून ते 31 मे असा चालतो. धरणाचं वर्ष मे अखेरीला संपतं, आणि आमच्या गावाचंही.

पाणी चढलं तेव्हा खोऱ्यातली शंभरच्या आसपास गावं बाधित झाली. सरकारने जमिनी दिल्या त्या सातारा-सांगलीपासून सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाण्यापर्यंत विखरून. माझ्या आजोबांच्या एका भावाने सोलापूर जिल्ह्यातली जमीन घेतली. एकाने नदीकाठचं गाव सोडून वरच्या उतारावर नवं घर बांधलं आणि उरलेल्या डोंगरजमिनीत नाचणी-वरी पिकवत राहिला. आजोबांची मुलं मुंबईला गेली. माझे वडील मसजिद बंदरला माथाडी होते. त्या काळी या खोऱ्यातली, पाटणची, जावळीची शेकडो माणसं बंदरात आणि दाणाबाजारात पाठीवर पोती वाहत होती. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. बाजार नवी मुंबईला हलला तशी माणसंही कोपरखैरणे, घणसोलीला गेली. मुंबईत प्रत्येक गावाची एक खोली असायची, गावकीची खोली. नव्या मुलाला पहिली वळकटी तिथे पसरायला मिळायची.

म्हणून आमच्याकडे मे महिन्यात तीन हवामानांची माणसं एकत्र येतात. सोलापूरचे दादा आणि वहिनी रखरखीत उन्हातून येतात आणि पहिला दिवस नुसते जांभळीखाली बसून काढतात. नवी मुंबईची मुलं मोबाईलची रेंज शोधत घराच्या मागच्या टेकाडावर चढतात. आणि गावातल्या चुलत्या-पुतण्यांना या दिवसांत बसायलाच फुरसत नसते, कारण त्यांच्या दृष्टीने हा सुट्टीचा नव्हे, पावसाच्या तयारीचा महिना.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खोऱ्यातही तो कमी नसतो. जूनच्या मध्याला एकदा सुरू झाला की ऑगस्टपर्यंत घराबाहेर पडणं हेच काम होतं. त्याआधी लाकूडफाटा पडवीत रचून घ्यायचा, भिंतींना झडी बांधायच्या, शेणी सुकवून ठेवायच्या, मीठ-मिरची-तेलाची बेगमी करायची. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा. शहरातून आलेल्यांनाही यात कामं लावून दिली जातात, आणि खरं तर ओळखीपाळखी इथेच होतात. सोलापूरच्या चुलतबहिणीशी माझी खरी मैत्री जमली ती लाकडं वाहताना. घरी येऊन नुसता चहा घेतला असता, तर आम्ही एकमेकींना "कशी आहेस" एवढंच विचारत राहिलो असतो.

जेवणातही मे दिसतो. सकाळी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, दुपारी जलाशयातल्या माशांचं कालवण, रात्री वरीचा भात. फणस फोडायला घेतला की सगळं घर भोवती बसतं. करवंदं, जांभळं, तोरणाची पांढरी फळं, आळवं आणि रायवळ आंबे मुलं रानातून आणतात. विकत घ्यायचं काहीच नसतं, आणि शहरातल्या मुलांना सगळ्यात नवल वाटतं ते त्याचंच.

तरी पाहुणे आले की सहली निघतातच. पहिली बहुधा क्षेत्र महाबळेश्वरची, कारण आत्याला देवदर्शन हवं असतं आणि मुलांना पॉइंट. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून एकत्र पडतं. सोलापूरचे दादा तिथे ओंजळ भरतात आणि म्हणतात, "आमच्याकडं पोचायला ह्याला किती धरणं ओलांडावी लागत्यात, बघा." सोलापूरचं पाणी उजनीतून, भीमेतून येतं हे त्यांना माहीत असतं, आणि भीमाही शेवटी कृष्णेलाच मिळते हेही. पण या ओंजळीपाशी हिशेब चालत नाही.

पॉइंटवर मात्र हिशेब चालतो. ऑर्थर सीटवरून खाली सावित्रीचं खोरं सरळ कोकणात उतरतं आणि पाठीमागे कृष्णेचं पाणी पूर्वेला जातं. पाणलोट कसा विभागतो हे इथे उभं राहून मुलांना दाखवता येतं, शाळेत नकाशावर समजत नाही तितकं स्पष्ट. हे थंड हवेचं ठिकाण वसलं ते 1828-29 मध्ये, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ही जागा घेतली तेव्हा. त्याआधी 1824 मध्ये पीटर लॉडविक वर चढून आला होता, म्हणून लॉडविक पॉइंट. केट्स पॉइंट माल्कमच्या मुलीच्या नावाचा. वेण्णा तलाव मात्र साताऱ्याच्या छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये पाण्याच्या सोयीसाठी बांधला. आज तिथे नौकाविहारासाठी रांगा लागतात. आमची मुलं त्या रांगेत उभी राहायला तयार नसतात. रोज फुकट लाँच मिळणाऱ्यांना पायडलच्या बोटीचं काय कौतुक?

परतताना थोडा वळसा घेऊन मांघरला जाण्यासारखं आहे. 2022 च्या मे महिन्यात हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. इथल्या घराघरांत मधपेट्या आहेत आणि त्यांत सातेरी माश्या पाळतात. उन्हाळ्यात मिळणारा जांभळाचा मध काळपट आणि किंचित कडवट असतो. मधाचा रंग फुलाप्रमाणे बदलतो हे दाखवायला शेतकरी दोन-तीन बाटल्या उन्हात धरून दाखवतात. कारवी सात वर्षांतून एकदा सामुदायिक फुलते, त्या वर्षी तिचाही मध मिळतो. तो ज्यांनी चाखलाय, ते त्याबद्दल फार अभिमानाने बोलतात. स्ट्रॉबेरीचा मुख्य हंगाम तोवर आटोपलेला असतो. मेमध्ये जे दिसतं ते बहुतेक प्रक्रिया केलेलं, क्रीममधलं किंवा बाटलीतलं.

दुसरी सहल तरुणांची, वासोट्याची. त्यासाठी तापोळ्यापेक्षा बामणोली सोयीची. साताऱ्याहून कासच्या पठारावरून ती साधारण 35 किलोमीटरवर आहे. लाँचने तास-दीड तास गेलं की मेट इंदवलीचा किनारा लागतो, तिथे वनखात्याची नोंद करून चढायला सुरुवात करायची. हे कोयना अभयारण्य आहे. 2010 पासून ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास, कोयना, चांदोली, राधानगरी यांचा समावेश झाला. मुक्कामाला परवानगी नाही, म्हणून सकाळी लवकर निघून संध्याकाळच्या आत खाली यावं लागतं. पावसाळ्यात गड बंद असतो. चढण दोन-अडीच तासांची, बहुतेक दाट सावलीतून. वर पोचलं की बाबूकडा दिसतो आणि समोर कोकणाचा उतार. ऐतिहासिक काळात हा किल्ला तुरुंगासारखा वापरला गेला. पेशवाईच्या शेवटी इथे ताई तेलिणीने बापू गोखल्यांशी झुंज दिल्याची आठवण खोऱ्यात अजून सांगतात. मेच्या चढणीसाठी पाणी भरपूर घ्या आणि बाटल्या परत आणा. जंगलातल्या जळवांची चिंता पावसाआधी करावी लागत नाही, ही मे महिन्याची सवलत.

जाता-येता कासचं पठार लागतं, पण त्याच्याकडून मेमध्ये फुलांची अपेक्षा धरू नये. तिथे काळ्या-तांबड्या जांभ्या दगडावर मातीचा नुसता पातळ थर आहे. पावसाचं पाणी त्या थरात साठतं आणि ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे तेरडा, सीतेची आसवं आणि कितीतरी फुलं येतात. मेमध्ये पाहायचा तो उघडा दगडच. फुलं कशावर उगवतात हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने पठार एकदा कोरडंही बघावं.

सगळ्या सहली उरकल्या की गाव यात्रेसाठी भरतं. चैत्र-वैशाखात खोऱ्यातल्या एकेका गावची यात्रा येते. तिथी ठरलेली असते, तारीख दरवर्षी सरकते. मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढलेली असते, देवळाला रंग दिलेला असतो, माळावर मंडप पडलेला असतो. रात्री पालखीचा छबिना निघतो. ढोल-लेझीम घेऊन पोरं पहाटेपर्यंत नाचतात. पहिल्या दिवशी गोड जेवण, दुसऱ्या दिवशी मटण. आम्हा माहेरवाशिणींना ओटी भरून साडी-चोळी मिळते, वय कितीही असो. एरवी जिथे सात-आठ घरांतून धूर निघतो, तिथे त्या दिवशी पंगती संपता संपत नाहीत. सोलापूरच्या दादांना गावची पालखी खांद्यावर घ्यायचा मान असतो. ते तिथे जन्मले नाहीत, त्यांचे वडील तिथून उठले. पण पालखी उचलताना कुणी जमिनीचा उतारा बघत नाही.

यात्रेनंतरच्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गावकीची बैठक बसते. पूर्वी तिथे वर्गणीचा हिशेब आणि पुढच्या वर्षीचे मानकरी एवढंच असायचं. अलीकडे बोलणं जमिनीवर येतं. सरकारने 'नवीन महाबळेश्वर' या गिरिस्थान प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यात सातारा, जावळी, पाटण या भागांतली गावं होती. तेव्हापासून शिवसागराच्या काठचे उतार शोधत बाहेरची माणसं येतात. थोरल्या काकांना विचारायलाही एक जण आला होता. पाण्याकडे बघत त्याने विचारलं, "व्ह्यू कुठून चांगला दिसतो?" काका म्हणाले, "दिसतो ना. मेमध्ये या, आमचं खाचर दिसतंय."

बैठकीत मतं एक नसतात. तरुणांना रस्ता, पूल, दवाखाना हवा आहे. गावात राहून कमाई करायची तर पर्यटक हवेत, हेही खरं. गावातला माझा एक पुतण्या दोन खोल्या पर्यटकांना देतो आणि त्या पैशात मुलीला साताऱ्यात शिकवतो. सोलापूरचे दादा म्हणाले, "एकदा जमीन सोडल्यावर परत मिळत नसती, आमाला विचारा." मुंबईच्या एकाने विचारलं की वर्षातून आठवडाभर येणाऱ्यांनी गावात राहणाऱ्यांना काय विकू नये ते कसं सांगायचं. हा प्रश्न त्या संध्याकाळी सुटला नाही. ठरलं एवढंच, की वडिलोपार्जित जमिनीचा व्यवहार करायचा झाला तर आधी गावकीत तो बोलून दाखवायचा, आणि पुढच्या यात्रेचा मान सोलापूरच्या घराला. वर्गणी किती काढायची यावर मात्र रात्री उशिरापर्यंत भांडणं झाली, तीही नेहमीसारखी जोरात.

मेमध्ये तापोळ्याला आलात तर स्पीडबोटीची फेरी जरूर मारा, तिने बोटवाल्यांची चूल पेटते. पण धक्क्यावर एक चौकशी करा, आज कुठल्या गावची यात्रा आहे. वैशाखात रोज कुठे ना कुठे असतेच. लाँचमध्ये बसा आणि त्या गावी उतरा. यात्रेच्या पंगतीत परक्या माणसाला कुणी नाव विचारत नाही, आधी ताट वाढतात. जेवण झाल्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून पाण्याकडे बोट करा आणि तिथे काय होतं ते विचारा. तुम्हाला कुठलाच पॉइंट दाखवणार नाही इतकं तो दाखवेल, आणि निघताना "पुढल्या साली पोराबाळांना घेऊन या" असं बजावल्याशिवाय सोडणार नाही.